उदयपूरला राहिलेलं जेवण

घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या भावोजींच्या घरातून निघताना कुणी "येतो" म्हणत नसे. नवखा माणूस तेवढा फसायचा. निरोप घेताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, ही आपली रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण भावोजींना, म्हणजे जयवंत कुबल या गृहस्थांना, ती कुणी समजावून सांगितली नसावी, किंवा सांगितली असेल तर त्यांनी ऐकली नसावी. दुसरी शक्यता जास्त. त्यांना कुणी "बरंय, येतो" म्हटलं की ते त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत जाणार आणि विचारणार, "कधी?"

समोरचा गडबडायचा. "कधी म्हणजे... येईन की सवडीनं."

"सवड कसली? रविवारी या. जेवायलाच या."

आणि रविवारी खरोखरच एक पान जास्त मांडलेलं असे. धोंडिराम पोस्टमन एकदा दिवाळीचा फराळ खाऊन सवयीनं "येतो साहेब" म्हणाला आणि अडकला. रविवारी तो बिचारा समोरच्या चाळीत कुणा नातेवाइकाकडे चालला होता, त्याला भावोजींनी रस्त्यावरून धरून आणलं आणि कोंबडी-वडे खायला घातले. महापालिकेच्या निवडणुकीतला एक उमेदवार हात जोडून "येतो हं, लक्ष असू द्या" म्हणाला, तेव्हाही भावोजींनी "कधी?" विचारलंच. उमेदवार कार्यकर्त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. "पाच वर्षांनी," असं मग भावोजींनीच त्याच्या वतीनं सांगून टाकलं. मला बघायला आलेल्या एका स्थळाच्या वडिलांनाही त्यांनी सोडलं नाही. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. त्याचं खापर ताई अजून भावोजींवर फोडते, पण मुलगा मला पसंतच नव्हता, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानून मोकळी झाले.

मी रत्नप्रभा, त्यांची मेहुणी. महापालिकेच्या शाळेत हिंदी शिकवायचे. भावोजींना टोचून बोलायचा मेहुणीचा हक्क मी आजवर नीट बजावत आले आहे. हे वाचताना कुणाला वाटलं की मी त्यांची फार टिंगल करते, तर खुशाल वाटू दे. त्यांना काही वाटत नाही, मग इतरांनी का वाटून घ्यावं?

भावोजी मूळचे मालवणकडचे, आचऱ्याचे. सोळाव्या वर्षी मुंबईला आले, परळच्या एका गिरणीत काही वर्षं बदली कामगार म्हणून घासले आणि मोठा संप व्हायच्या आधीच बॉयलरची परीक्षा देऊन मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात लागले. बॉयलर पेटवायचा, वाफेचा दाब काट्यावर ठेवायचा, हे त्यांचं काम. अकरा वर्षांत एकदाही उशिरा गेले नाहीत. "वाफ आणि शब्द, दोन्ही दाबात ठेवायचे," असं ते म्हणायचे. म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही.

१९८५च्या मे महिन्यात कारखान्याचा बॉयलर साफसफाई आणि तपासणीसाठी बंद झाला आणि भावोजींना सलग सुट्टी मिळाली. ताईनं, म्हणजे माझ्या विमलाताईनं, तेव्हाच कंबर कसली. तिच्या स्वयंपाकघरात वाण्यानं दिलेलं एक कॅलेंडर होतं. वर्ष सरलं तरी तिनं ते उतरवलं नव्हतं, कारण त्यावर उदयपूरच्या तळ्याचं आणि तळ्यातल्या महालाचं चित्र होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि आचऱ्यापलीकडे नवऱ्यानं कुठे नेलं नव्हतं. "यंदा उदयपूर," ती म्हणाली. भावोजींनी मॅनेजरला सांगितलं, "सोमवारी आठला बॉयलर पेटवायला येतो," आणि मॅनेजरनं वहीत लिहिलंसुद्धा नाही. कुबल येतो म्हणाला म्हणजे येणार.

गाडी मिळाली इसिडोरची. इसिडोर भावोजींच्याच कारखान्यात फिटर, मरोळ गावठाणातला. त्याच्याकडे मामाकडून आलेली जुनी फियाट होती. भावोजींना कारखान्याचा टेम्पो चालवून हात बसलेला होता. किल्ली देताना इसिडोर म्हणाला, "जयवंत, ही गाडी नाय, माझी मावशी हाय. सकाळी उठायला कटकट करते, ढकलावं लागते. पण एकदा उठली का दिवसभर बसत नाय. फक्त काळोख झाला का चालवू नको, तिला एकाच डोळ्यानं दिसते." खरंच एकच दिवा चालू होता.

मंगळवारी उजाडताच मी, ताई आणि भावोजी निघालो. सुरत, बडोदा, अहमदाबाद अशा सगळ्या गावांत भावोजींना एकच प्रश्न पडत होता, की इथली माणसं मासळीशिवाय जगतात कशी. बुधवारी सूर्य मावळायच्या आत, इसिडोरच्या मावशीला जपत, आम्ही उदयपूरला पोचलो आणि एका धर्मशाळेत उतरलो.

उदयपूरबद्दल आमची तिघांची मतं तीन दिशांना गेली. ताईला सगळंच आवडलं, अगदी धर्मशाळेची बादलीसुद्धा. मला निम्मं आवडलं. संध्याकाळी गच्चीवरून तळं सोनेरी होताना मी भान हरपून पाहत होते, तेवढ्यात शेजारून भावोजी म्हणाले, "पवई तलावापेक्षा मोठं असेल, पण विहारपेक्षा नाही." राजवाड्यासमोर उभं राहून त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या खिडक्या पुसायला माणसं किती लागत असतील?" काचेच्या तुकड्यांचा मोर मात्र त्यांना "बरा" वाटला. मे महिना असल्यामुळे तळ्याचं पाणी ओसरून कडेला चिखल दिसत होता. "कॅलेंडरात पाणी जास्त होतं," ताई हिरमुसून म्हणाली. तेव्हा मात्र भावोजी लगेच म्हणाले, "ते पावसाळ्यातलं असणार गं. पावसाळ्यात असंच दिसत असेल." माणूस असा आहे. स्वतः नावं ठेवील, बायकोला वाईट वाटू देणार नाही.

जेवण हा त्यांचा खरा दुखरा भाग होता. धर्मशाळेच्या आसपास जिथे जावं तिथे डाळ-बाटी. पिठाचे गोळे निखाऱ्यावर भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे आणि डाळीशी खायचे. मला ते फार आवडलं. "क्रिकेटचा बॉल तुपात बुडवून देतात," भावोजी म्हणाले. ताईनं त्यांच्यासाठी बिस्किटाच्या डब्यात सुकटीची चटणी लपवून आणली होती. ती उघडली त्या दुपारी धर्मशाळेचा व्यवस्थापक नाक वर करून व्हरांड्यात फिरायला लागला. "कुछ मर गया है क्या?"

"चूहा होगा," भावोजी गंभीरपणे म्हणाले. "हम भी ढूंढता है." आणि अर्धा तास ते त्याच्याबरोबर वाकून वाकून कपाटांखाली उंदीर शोधत होते. मी तोंडात पदर कोंबून खोलीत बसले होते.

त्यांना उदयपुरात मनापासून आवडलेली गोष्ट एकच, सहेलियों की बाडी नावाच्या बागेतली कारंजी. तिथल्या माळ्यानं सांगितलं की याला मोटर नाही, वरच्या तळ्याचं पाणी नुसत्या उंचीच्या दाबानं उडतं. झालं. बॉयलरचा माणूस! आम्ही दोघी फुलं पाहून, फोटो काढून, सावलीत बसून कंटाळलो, तरी हे गृहस्थ झुडपांत शिरून व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधत होते. बाहेर आले तेव्हा शर्टाला चिखल आणि चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखा आनंद. "राजा हुशार होता," त्यांनी शेरा दिला.

शुक्रवारी दुपारी फतेहसागर तळ्याकाठी मावशी बसली. बॉनेटमधून वाफ, खाली पाण्याची धार. वाफ पाहून भावोजी मुळीच घाबरले नाहीत. बॉनेट उघडून म्हणाले, "वॉटर पंपाचा वायसर गेला." रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानात साठीच्या पुढचे, लुकडे, डोक्याला साधा पंचा गुंडाळलेले भंवरलाल नावाचे गृहस्थ बसलेले होते. ते म्हणाले, मी सायकली दुरुस्त करतो, विहिरींवरचे पंपही करतो, मोटारीचं मला ठाऊक नाही, आणि हा भाग अहमदाबादशिवाय मिळायचा नाही. पण पाहतो.

मग त्या दोघांनी दुकानासमोर उकिडवं बसून जे चालवलं, ते पाहण्यासारखं होतं. भंवरलालजींनी जाड चामडं घेतलं, त्यातून वायसर कापला. बसेना. दुसरा कापला. तिसरा कापला. चौथा तेलात भिजवला, ठोकला, पुन्हा भिजवला. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण वायसर या एका विषयावर ते दोन तास बोलले. मी एवढी हिंदीची शिक्षिका, पण मला एक मिनिटसुद्धा मध्ये बोलायची संधी मिळाली नाही.

पंप बसला. गळती थांबली. तरी भंवरलालजींच्या कपाळावरची आठी जात नव्हती. "कच्चा काम है सा. पर अहमदाबाद तक जाना चाहिए." थोड्या वेळानं पुन्हा स्वतःशीच, "जाना तो चाहिए."

मग हात पुसत म्हणाले, "शाम को खाना हमारे घर. दुकान के पीछे ही घर है."

भावोजी दुसऱ्याला रस्त्यावरून धरून आणून जेवू घालतील, पण स्वतः कुणाकडे जेवायला जायचं म्हटलं की अंग चोरतात. तीन माणसांचं ओझं कशाला, असा त्यांचा हिशेब. त्यातून पुन्हा डाळ-बाटीच! "नहीं नहीं, तकलीफ मत करो," असं पुटपुटत ते गाडीत बसले, काचेतून हात बाहेर काढला आणि जोरात म्हणाले, "अच्छा भाईसाब, आता हूँ हां!"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं, निरोप घेतायत. आम्ही संध्याकाळी बाजारात फिरलो, ताईनं बांधणीची साडी घेतली, आणि धर्मशाळेच्या खोलीत खिडकी लावून भात आणि सुकटीची चटणी खाऊन लवकर झोपलो.

शनिवारी सकाळी सहाला मी, ताई आणि धर्मशाळेचा पहारेकरी अशा तिघांनी मावशीला ढकलून उठवलं आणि आम्ही मुंबईच्या रस्त्याला लागलो. आता परत निघालो म्हणून भावोजी खुशीत होते. त्यांना एकाएकी उदयपूरही बरंच चांगलं वाटायला लागलं होतं. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, दोन तासांनी ऋषभदेव गाव आलं, तिथे चहाला थांबलो. चहा झकास होता. भावोजींनी ग्लास ठेवला आणि चहावाल्याला म्हणाले, "अच्छा सेठ, आता हूँ!"

चहावाला कढईत कचोऱ्या सोडत होता. झारा हातात धरून त्यानं विचारलं, "कितनी देर में आओगे? आपके लिए कचौरी रोक के रखूँ?"

मला हसू आवरेना. आयुष्यभर साऱ्या भटवाडीला "कधी?" विचारणाऱ्या माणसाला कुणीतरी भेटलं होतं! मी शिकवणीच सुरू केली. "भावोजी, हिंदीत 'आता हूँ' म्हणजे खरंच परत येतो. निघायचं असेल तर 'चलता हूँ' म्हणायचं. तुमचं हे घाटकोपरचं हिंदी इथे..."

पुढचं माझ्या तोंडातच राहिलं. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रत्ना," ते म्हणाले, "काल मी त्या म्हाताऱ्याला काय म्हटलं?"

"आता हूँ," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्याही लक्षात आलं. मी मुलांचं चुकलेलं हिंदी तपासून पगार घेणारी बाई, काल त्यांच्या बाजूला बसले होते. माझ्याही कानाला काही खटकलं नव्हतं. आपण सगळे असंच बोलतो.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "म्हणजे त्यांनी रात्री स्वयंपाक करून..."

"वाट लागली," भावोजी म्हणाले आणि टपरीपुढच्या बाजेवर बसले.

ताईनं लगेच बोटं मोजली. मागे फिरायचं, जेवायचं, म्हणजे दुपार गेली. काळोखात गाडी चालवायची नाही. आज जेमतेम अहमदाबाद, उद्या फार तर वापी. सोमवारी सकाळी आठला मरोळला पोचणं शक्यच नाही. "अहो, मॅनेजरला तुम्ही येतो म्हणालाय. अकरा वर्षांत एक दिवस उशीर नाही तुमचा. त्या म्हाताऱ्यांना आपण घरी गेल्यावर छान पत्र लिहू. रत्ना लिहील शुद्ध हिंदीत."

ताईचं चुकत नव्हतं, मीही मान हलवली. भावोजी बोलले ते मालवणीत. एरवी ते आमच्याशी मुंबईचं मराठी बोलतात. आत काही हललं की मालवणी येते.

"माझो बापूस 'शिमग्याक येतंय' म्हणान सांगान म्हमयक गेलो. तीन शिमगे इले नि गेले. आवस दर शिमग्याक त्याचा पान मांडी, नि सांज होईसर आपण जेवा नाय. आमका पोरांका वाढी नि आपण पाणी पिऊन ऱ्हवी. मी पाच-सात वर्सांचो होतंय. माका तेव्हापास्ना एकच ठावक, येतंय म्हटल्यार येवचा."

इतक्या वर्षांत हे त्यांनी ताईलाही सांगितलं नव्हतं. आम्ही ज्याला त्यांचा तऱ्हेवाईकपणा समजून हसत होतो, त्याच्या मागे त्यांची आई तीन शिमगे उपाशी बसलेली होती. मला लाज वाटली.

"आणि बॉयलर?" ताईनं हळूच विचारलं.

"बॉयलराक भूक लागना नाय," भावोजी उठत म्हणाले. मग चहावाल्याकडे वळून त्याला स्पष्ट सांगितलं, "कचौरी मत रखो. हम नहीं आता है." एका दिवसात दुसऱ्या माणसाला फसवायची त्यांची तयारी नव्हती.

गाडी मागे फिरली. जाताना दोन तास लागलेला रस्ता येताना मला संपेचना. भावोजी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हते. काय सांगायचं, हिंदीत कसं सांगायचं, याची मी मनात वाक्यं जुळवत होते. उदयपूर वीसेक किलोमीटर राहिलं असेल. एका चढावर उन्हात एक माणूस सायकल हातात धरून चालत येत होता. मागच्या कॅरिअरला हत्यारांची पिशवी आणि पाण्याचा पत्र्याचा डबा बांधलेला.

"ते बघा," ताई ओरडली. भंवरलालजी होते.

भावोजींनी गाडी कडेला घेतली. म्हाताऱ्यानं फियाट ओळखली, सायकल तिथेच आडवी टाकली आणि धावत आले. नमस्कार नाही, रामराम नाही. थेट बॉनेटवर हात ठेवला. "कहाँ से टपक रहा है?"

आम्ही गाडीतून उतरेपर्यंतही ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं, तापलेल्या इंजिनात हात घातला आणि पंपाच्या खालून बोटं फिरवली. बोटं बाहेर काढून पाहिली. पुन्हा घातली, पुन्हा पाहिली.

"सूखा है," ते म्हणाले. "ये तो सूखा है!"

मग हळूहळू सगळं कळलं. रात्री आम्ही जेवायला आलो नाही, तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, वायसर गेला. सकाळी उठून दोन-चार धर्मशाळा धुंडाळत आमच्या धर्मशाळेत आले, तेव्हा पहारेकऱ्यानं सांगितलं की मुंबईवाले सहालाच गेले, गाडी ढकलून चालू करावी लागली. ढकलावी लागली म्हणजे पंपच, हे त्यांनी ठरवून टाकलं. गाडी डोंगरात कुठेतरी बंद पडणार, बरोबर बायका आहेत, म्हणून पाणी आणि हत्यारं घेऊन ते सायकलवर आमच्या मागे निघाले होते. या वयात, मे महिन्याच्या उन्हात, चढावर.

"आपने कहा था आता हूँ," ते भावोजींना म्हणाले, अगदी साधेपणानं. "तो आप तो आते ही. मैं समझ गया, मेरा काम कच्चा निकला."

मी जुळवून ठेवलेली शुद्ध हिंदी वाक्यं एकही कामाला आली नाहीत. त्या माणसानं रात्रभर आमच्यावर संशय घेतला नव्हता. संशय घेतला तो स्वतःच्या हातावर. भावोजींनी त्यांचे ते तेलकट हात दोन्ही हातांत धरले आणि म्हणाले, "वायसर एकदम बरोबर है, भाईसाब. हम खराब है."

व्याकरण चुकलेलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

सोमवारचं काय झालं ते आधी उरकते, कारण सगळे तेच विचारतात. भावोजी मरोळला पोचले दुपारी अडीचला. बॉयलर थंड, मॅनेजर गरम. अकरा वर्षांतला पहिला मेमो मिळाला आणि उशिराचं कारण लेखी मागितलं. खोटं लिहा, गाडी बंद पडली म्हणा, असं इसिडोरनं परोपरीनं सांगितलं. पण गाडी बंद पडली असं लिहिणं म्हणजे भंवरलालजींच्या वायसराला नाव ठेवणं! भावोजींनी लिहिलं, "उदयपूरला जेवायला बोलावले होते." मॅनेजरनं त्याखाली तांबड्या शाईनं 'कारण असमाधानकारक' असा शेरा मारला. तो वायसर पुढे चार महिने टिकला. अहमदाबादला नवा घ्यायची आठवण झाली होती, भावोजींनीच घेऊ दिला नाही.

तर जेवण. सायकल टपावर बांधून आम्ही भंवरलालजींच्या घरी गेलो. दुकानामागे दोन खोल्या, पुढे नीट सारवलेली ओसरी. त्यांची बायको गुलाबबाई दारात आली, आम्हांला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. एक शब्द लावला नाही. रात्रीच्या बाट्या तिनं पुन्हा निखाऱ्यावर टाकल्या, डाळ ताजी केली, लसणाची लाल चटणी वाटली. ओसरीवर चार पाट मांडले, आम्हां तिघांना आणि भंवरलालजींना. चारी ताटं वाढून ती चुलीशी जाऊन बसली.

भावोजींनी ताटाला हात लावला नाही. "भाभीजी खाया क्या?" त्यांनी विचारलं.

भंवरलालजी हसले. "वो तो बाद में खाएगी सा. मेहमान के बाद."

"कल रात को खाया?"

गुलाबबाई चुलीतली राख सारखी करायला लागली. ताईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मेहमान आले नव्हते, म्हणजे कोण जेवणार?

भावोजी उठले. स्वतःचं ताट उचललं, चुलीपाशी गेले आणि गुलाबबाईपुढे ठेवलं. ताईनं शर्ट ओढला, "अहो, त्यांच्यात रीत नसेल, बसा." पण ते कसले ऐकतात! खाली बसून त्यांनी बाटी फोडली, तुपाची वाटी घेऊन वरून तूप सोडलं, डाळ वाढली. बारा वर्षांच्या संसारात त्यांनी घरी कधी पाण्याचं भांडंसुद्धा भरून घेतलं नव्हतं, आणि इथे पोळलेली बोटं झटकत ते एका परक्या बाईला वाढत होते. "पहले आप," ते म्हणाले. "हम बैठता है."

गुलाबबाई ओशाळली, नवऱ्याकडे पाहिलं. भंवरलालजींनी मान खाली घातली आणि मग होकारार्थी हलवली. तिनं घुंघट पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि पहिला घास घेतला.

भावोजी तिथेच उकिडवे बसून राहिले. ती अर्धं ताट जेवल्यावर आमच्याकडे वळून, जणू कुणाला तरी सांगायला हवं म्हणून, म्हणाले, "बापूस चवथ्या शिमग्याक इलो. इलो, जेवलो, आंचवलो. आवशीक कोणी वाढूक नाय गे."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि माझ्याही. "तुम्ही बसा आता," ती म्हणाली, "मी वाढते."

"तू जेव," भावोजी म्हणाले. "मी वाढतंय." त्यांनी तिला वाढलं, मला वाढलं, भंवरलालजींना आग्रह करकरून तिसरी बाटी घातली आणि गुलाबबाईचं ताट रिकामं होईपर्यंत डाळीचं भांडं खाली ठेवलं नाही. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर ते पानावर बसले, तेव्हा दीड बाटी आणि तळाची डाळ उरली होती.